'हल्ले थांबले की सैन्य जाईल' हे वाक्य कसं तपासायचं

वर्तमानपत्रात रात्रपाळीला परदेशाचं पान लावण्यात माझी बावीस वर्षं गेली. त्यातली जवळजवळ नऊ एकट्या इराकने खाल्ली. मार्च २००३ ते डिसेंबर २०११ या काळात वृत्तसंस्थांकडून येणाऱ्या बातम्यांत एक वाक्य ठरलेलं असायचं: हिंसाचार थांबला की आमचं सैन्य परत जाईल. बोलणारा बदलायचा, वाक्य तेच. एकदा डेस्कवर नुकताच लागलेला एक मुलगा मला म्हणाला, "मॅडम, इतकं सोपं असेल तर ते बंडखोर सहा महिने गप्प का बसत नाहीत? अमेरिका जाईल, मग करा काय करायचं ते."

त्या रात्री "आधी पान सोडू दे" म्हणून मी त्याला वाटेला लावलं. पण प्रश्न डोक्यातून जाईना. मग मी एक लांबट वही घातली. सैन्य जाण्याबद्दल कोण काय बोललं, कुठली अट घातली, तारीख दिली का, आणि पुढे प्रत्यक्षात काय झालं, असे चार रकाने. त्या वहीने मला जे शिकवलं ते इथे लिहिते आहे. इराक बाजूला ठेवून दुसऱ्या कुठल्याही देशाला लावलंत तरी चालेल.

आधी वाक्याचे तुकडे करा

'हल्ले', 'सैन्य' आणि 'जाईल' हे तीन शब्द सुटे करून बघितल्याशिवाय पुढे जायचं नाही. हा धडा मी स्वतःच्या फजितीतून शिकले. ऑगस्ट २०१० मध्ये अमेरिकेची शेवटची लढाऊ ब्रिगेड सरहद्द ओलांडून कुवेतमध्ये गेली. कॉलममध्ये बसत नव्हता म्हणून मी मथळ्यातला 'लढाऊ' हा शब्द काढला आणि ठोकून दिलं, 'अमेरिकी सैन्य इराकबाहेर'. चार दिवसांनी एका वाचकाचं पोस्टकार्ड आलं: 'उरलेले पन्नास हजार तिथे सहलीला थांबले आहेत काय?' बरोबरच होतं त्यांचं. पन्नास हजारांच्या आसपास सैनिक इराकमध्येच होते. त्यांच्या ब्रिगेडना आता 'सल्ला आणि साहाय्य' ब्रिगेड म्हणायचं, एवढाच फरक. ते कार्ड माझ्या वहीच्या पहिल्या पानाला टाचलेलं आहे.

म्हणून 'सैन्य' म्हटलं की विचारायचं: लढाऊ तुकड्या, की सगळे? प्रशिक्षक, विमानतळ सांभाळणारे, कंत्राटी बंदूकधारी यांत धरलेत का? आणि 'जाईल' म्हणजे कुठे? शहरातून उठून शहराबाहेरच्या तळावर, की शेजारच्या देशात, की घरी? ३० जून २००९ ला अमेरिकी सैन्य इराकी शहरांतून बाहेर पडलं. बगदादमध्ये सुट्टी जाहीर झाली, गाणीबजावणी झाली. सैन्य देशातच होतं.

'हल्ले' हा शब्द तर सगळ्यांत फसवा. इराकमध्ये हल्ला करणारा एक कुणी नव्हता. सद्दामच्या बरखास्त फौजेतले अधिकारी होते, झरकावीची अल कायदा होती, शिया धर्मगुरू मुक्तदा अल सद्रची महदी सेना होती, आणि त्यांचे आपापसातले हिशेब वेगळेच. फेब्रुवारी २००६ मध्ये शियांना पवित्र असलेली समाराची अल-अस्करी मशीद उडवली गेली. त्यानंतर तर मरणारे बहुतेक इराकी आणि मारणारेही इराकी, अशी अवस्था झाली. यातले कुठले हल्ले थांबले म्हणजे 'थांबले' म्हणायचं?

अट पुरी झाली हे कोण ठरवणार?

जून २००५ मध्ये फोर्ट ब्रॅगच्या लष्करी तळावर राष्ट्राध्यक्ष बुश यांचं भाषण झालं. त्यातलं 'इराकी स्टँड अप करतील तसतसे आम्ही स्टँड डाउन करू' (ते जबाबदारी घेतील तसे आम्ही मागे सरू) हे वाक्य पुढे दोन वर्षं आमच्या पानावर येत राहिलं. आमच्या एका शिकाऊ मुलीने त्याचं भाषांतर 'इराकी उभे राहिले की आम्ही खाली बसू' असं केलं होतं. डेस्क हसून लोटपोट झालं, पण मला ते अधिकृत भाषांतरापेक्षा खरं वाटलं. कारण इराकी उभे राहिले की नाही हे ठरवणार वॉशिंग्टन. ज्याला जायचं आहे तोच पंच. त्याच भाषणात बुश यांनी परतीची तारीख जाहीर करायला साफ नकार दिला होता. तारीख सांगितली तर शत्रू नुसती वाट बघत बसेल, हे त्याचं कारण.

हे कारण नीट वाचा. शत्रू गप्प बसला तरी ती वाट बघण्याची चालच ठरते. हल्ले चालू असताना गेलो तर पळून गेल्यासारखं दिसेल, म्हणून जायचं नाही. आणि हल्ले थांबले तर? एप्रिल २००८ मध्ये इराकमधल्या फौजेचे प्रमुख जनरल पेट्रेयस अमेरिकी काँग्रेससमोर उभे राहिले. हिंसाचार घटला होता. ते म्हणाले, प्रगती झाली आहे, पण ती नाजूक आहे, उलटू शकते. म्हणजे घाई नको. दोन्ही वाटा फिरून छावणीतच येत होत्या. ते खोटं बोलत होते असं मी म्हणत नाही. २०१४ ला इसिसने मोसुल घेतलं ते आपण पाहिलंच. पण वाचकाने अशा वेळी एकच प्रश्न विचारायचा: काय घडलं तर तुम्ही जाल, आणि ते घडलं हे तुमच्याशिवाय आणखी कोण सांगू शकतं? उत्तर नसेल तर वहीत अटीच्या रकान्यात मी फुली मारते.

आकडेही शेजारी शेजारी मांडून बघा. २००७ मध्ये इराकमध्ये ९०० हून जास्त अमेरिकी सैनिक मारले गेले. २००८ मध्ये तो आकडा ३०० च्या थोडा वर होता. म्हणजे मरण एक तृतीयांशावर आलं. सैन्य? २००७ च्या उत्तरार्धात एक लाख सत्तर हजारांच्या घरात होतं, आणि २००८ संपताना एक लाख चाळीस हजारांच्या पुढे. २००७ ची जादा कुमक येण्याआधी जितकं होतं त्याहून तेव्हाही जास्तच. हल्ल्यांचा आलेख आणि सैन्याचा आलेख एकमेकांना बांधलेले नव्हते.

बंदूक ठेवणाऱ्याचं पुढे काय होतं ते बघा

त्या मुलाच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर इथे आहे, म्हणून जरा थांबते.

'गप्प बसण्याचा' प्रयोग इराकमध्ये खरोखरच झाला, तोही दोनदा. मुक्तदा अल सद्रने करबलातल्या गोळीबारानंतर २९ ऑगस्ट २००७ ला आपल्या महदी सेनेच्या कारवाया सहा महिने गोठवल्या, आणि फेब्रुवारीत मुदत वाढवली. अमेरिका त्या सहा महिन्यांत गेली नाही. मार्च २००८ मध्ये पंतप्रधान मलिकी यांनी बसऱ्यात सद्रच्याच माणसांवर फौज घातली.

दुसरा प्रयोग सुन्नी टोळ्यांचा. अनबार प्रांतात २००६ पासून टोळीप्रमुखांनी अल कायदाशी फारकत घेतली आणि कालपर्यंत अमेरिकी गाड्यांखाली बाँब पेरणारे अमेरिकेच्या पगारावर आले. महिन्याला साधारण ३०० डॉलर. 'सन्स ऑफ इराक' या नावाखाली त्यांची संख्या लाखाच्या घरात गेली. पुढे ही माणसं इराकी सरकारच्या हवाली झाली. २० टक्क्यांना पोलिसात किंवा सैन्यात घेऊ, बाकीच्यांना सरकारी कामं देऊ, असा वायदा होता. तो बराचसा हवेतच राहिला. कित्येकांचे पगार रखडले, काहींना अटक झाली, आणि काहींना अल कायदाने शोधून मारलं.

आता बंडखोराच्या जागी बसून बघा. त्याच्या हातात सौदा करायला एकच वस्तू आहे, ती म्हणजे बंदूक. ती आज ठेवायची आणि मोबदला उद्या मिळणार. उद्या कुणी शब्द फिरवला तर विखुरलेली माणसं पुन्हा गोळा होत नाहीत, पुरलेली शस्त्रं शेजाऱ्याने दाखवून दिलेली असतात. समोरच्यालाही तीच भीती: आज सैन्य हलवलं आणि उद्या हे उलटले तर? दोघांनाही आधी दुसऱ्याने पाऊल टाकायला हवं असतं. तेव्हा 'हल्ले थांबवा, आम्ही जातो' असं वाक्य दिसलं की त्यात पहिलं पाऊल कुणाचं आणि हमी कुणाची, हे शोधा. बहुतेक वेळा पहिलं पाऊल एकाचं आणि हमी कुणाचीच नाही, असं निघतं.

कागद शोधा, आणि त्यावरची तारीख

माझ्या मते सगळ्यात जास्त वेळ इथे घालवावा. परकं सैन्य देशात कुठल्या कागदावर उभं आहे? मे २००३ मध्ये सुरक्षा परिषदेच्या ठराव १४८३ ने अमेरिका आणि ब्रिटन यांना उघडपणे 'ताबा घेतलेल्या सत्ता' म्हटलं. जून २००४ मध्ये इराकचे अमेरिकी प्रशासक पॉल ब्रेमर यांनी ठरल्यापेक्षा दोन दिवस आधीच इराकी सरकारकडे सत्ता सोपवली आणि विमान धरलं. त्यापुढे कागद बदलला: ठराव १५४६, म्हणजे इराकी सरकारच्या विनंतीवरून बहुराष्ट्रीय फौज. सैनिक तेच, रस्ते तेच, पण आता त्या कागदाला मुदत होती. दर वर्षी ती वाढवायची. डिसेंबर २००७ च्या ठराव १७९० ने ती ३१ डिसेंबर २००८ पर्यंत वाढवली, आणि ही शेवटचीच, असं इराकने बजावलं.

इथे खरी गंमत आहे. कागद संपला तर १ जानेवारी २००९ ला अमेरिकी सैनिकाला इराकमध्ये उभं राहायलाही कायद्याचा आधार उरत नव्हता. म्हणजे बगदादशी करार करणं भाग. आणि बसऱ्याच्या कारवाईनंतर मलिकी वाकायच्या मनःस्थितीत नव्हते. निवडणुका समोर होत्या. १७ नोव्हेंबर २००८ ला करार झाला. त्याचं अधिकृत नावच सैन्य काढून घेण्याबद्दलचं. शहरांतून ३० जून २००९, देशातून ३१ डिसेंबर २०११. तारीख नकोच म्हणणाऱ्या बुश यांच्याच सरकारने ती लिहून दिली.

मग हल्ले कमी झाल्याचा काहीच उपयोग झाला नाही का? झाला. पण सरळ नाही. हिंसाचार घटला म्हणून मलिकींना 'आता आम्ही सांभाळतो' म्हणता आलं, आणि म्हणून तारीख मागता आली. शांततेने दार किलकिलं केलं. ढकललं संपत आलेल्या कागदाने आणि नाही म्हणू शकणाऱ्या सरकारने. बातमी वाचताना या तिन्ही गोष्टी आहेत का बघा. नुसती शांतता असेल तर सैन्य बहुधा तिथेच शांतपणे राहतं.

नाही म्हणण्याची ताकद कुणाकडे?

२०११ मध्ये अमेरिकेला काही हजार सैनिक मागे ठेवायचे होते. बगदादमधल्या बऱ्याच नेत्यांनाही ते आतून हवे होते, पण उघड म्हणायची कुणाची तयारी नव्हती. गाडी अडली एका कलमावर. अमेरिकी सैनिकावर इराकी न्यायालयात खटला चालणार नाही, हे संरक्षण इराकी संसदेने मंजूर करून द्यावं, अशी वॉशिंग्टनची मागणी होती. संसद ते देणार नव्हती. २१ ऑक्टोबरला ओबामांनी सगळे परत येतील असं जाहीर केलं, आणि १८ डिसेंबर २०११ ला शेवटचा ताफा कुवेतमध्ये शिरला. त्या रात्रीचा मथळा मी तीनदा तपासला. ते पोस्टकार्ड आठवत होतं.

म्हणून करारात कार्यक्षेत्राचं, म्हणजे खटला कुठे चालणार याचं, कलम आधी वाचावं. भाषणांपेक्षा ते जास्त बोलतं.

जुने दाखले शेजारी ठेवा

जर्मनी आणि जपान इथे लगेच आठवतात, आणि आठवायलाच हवेत. १९४५ नंतर दोन्हीकडे म्हणावं असं बंड झालंच नाही. हल्ले शून्य. अमेरिकी सैन्य आजही तिथे आहे, जपानमध्ये पन्नास हजारांच्या आसपास. ओकिनावा म्हणजे जपानच्या भूभागाचा ०.६ टक्के तुकडा, आणि जपानमधल्या खास अमेरिकी लष्करी जागेपैकी सुमारे ७० टक्के त्याच्यावर. 'हल्ले थांबले की जातात' हा नियम असता तर हे घडलं नसतं. (दोन्ही सरकारांना ते सैन्य हवं आहे, हे मान्य. पण मग कारण सरकारची इच्छा हेच झालं ना, हल्ले नव्हे.)

उलट बाजूला ऑस्ट्रिया. तिथेही कुणी गोळी झाडत नव्हतं. मे १९५५ मध्ये राज्य-करार झाला, देशाने तटस्थ राहायचं ठरवलं, आणि ऑक्टोबरपर्यंत सोव्हिएत, अमेरिकी, ब्रिटिश, फ्रेंच चारही सैन्यं गेली. फिलिपिन्समध्ये अमेरिकेने जुलै १९०२ मध्ये युद्ध संपल्याचं जाहीर केलं. सुबिक बेचा नाविक तळ रिकामा झाला नोव्हेंबर १९९२ मध्ये, कारण आदल्या वर्षी फिलिपिन्सच्या सिनेटने १२ विरुद्ध ११ मतांनी नवा करार फेटाळला होता. नव्वद वर्षं आणि एक मतदान.

आपल्याजवळचे दोन दाखले आहेत. भारतीय सैन्य मार्च १९७२ मध्ये बांगलादेशातून परतलं, युद्ध संपून तीन महिने झाले होते आणि ढाक्यात त्याच्यावर कुणी हल्ले करत नव्हतं. श्रीलंकेतल्या भारतीय शांतिसेनेला तिथले राष्ट्राध्यक्ष प्रेमदासांनी जा म्हटलं. शेवटची तुकडी मार्च १९९० मध्ये निघाली, तमिळ वाघ (एलटीटीई) शिल्लक असताना. दोन्हीकडे यजमान सरकारचा शब्द मोजला गेला.

सगळ्यात अवघड दाखला अफगाणिस्तानचा, कारण तो वरवर त्या मुलाच्या बाजूने बोलतो. २९ फेब्रुवारी २०२० ला दोह्यात अमेरिका आणि तालिबान यांचा करार झाला. तालिबानने अमेरिकी सैनिकांवरचे हल्ले थांबवले. पुढचे अठरा महिने एकही अमेरिकी सैनिक लढाईत मेला नाही, ते थेट २६ ऑगस्ट २०२१ ला काबूल विमानतळाबाहेर झालेल्या स्फोटापर्यंत. आणि सैन्य गेलं. पण करारात १४ महिन्यांची मुदत आधीच लिहिली होती. शिवाय तालिबानचे अफगाण फौजेवरचे हल्ले थांबले नव्हते, वाढले होते. थांबले ते फक्त जाणाऱ्याच्या पाठीवरचे. म्हणून 'कुणावरचे हल्ले' हा प्रश्न पहिल्याच पायरीवर विचारायचा.

आणि खुद्द इराकचा जुना दाखला. मार्च १९१७ मध्ये जनरल मॉड यांनी बगदाद घेतलं आणि जाहीरनामा काढला: आम्ही जेते म्हणून नव्हे, मुक्तिदाते म्हणून आलो आहोत. त्या मोहिमेत आपल्या मराठा पलटणी होत्या. त्याआधी कुतच्या वेढ्यात उपाशी राहून १९१६ मध्ये शरण गेलेल्या फौजेत ११० वी मराठा होती. १९२० चं बंड ब्रिटिशांनी मोडलं. १९३२ मध्ये इराक स्वतंत्र झाला, पण १९३० च्या तहाने हवाई तळ ब्रिटिशांकडेच राहिले. हब्बानियाहून शेवटचे ब्रिटिश वैमानिक निघाले १९५९ मध्ये, बगदादमधलं राजघराणं उलथल्यानंतर. कुठल्या इराकी म्हाताऱ्याने २००३ मध्ये 'हे लवकर जातील' यावर विश्वास ठेवला नसेल, तर त्याला दोष कसा द्यायचा?

गेलेले परत येतात तेव्हा

जून २०१४ मध्ये मोसुल इसिसच्या हाती पडलं आणि अमेरिकी सैनिक इराकमध्ये परत आले, या वेळी बोलावलेले. कागद होता राजनैतिक पत्रांच्या देवाणघेवाणीचा. संसदेची मंजुरी नाही, परतीची तारीख नाही. डिसेंबर २०१७ मध्ये इराकचे पंतप्रधान अबादी यांनी इसिसवर विजय जाहीर केला. सैन्य राहिलं. जानेवारी २०२० मध्ये बगदाद विमानतळाजवळ अमेरिकेच्या हल्ल्यात इराणचे जनरल सुलेमानी मारले गेले, आणि दोन दिवसांनी इराकी संसदेने परकं सैन्य घालवण्याचा ठराव केला. ट्रम्प यांचं उत्तर वहीत आहे: तिथल्या हवाई तळावर आम्ही अब्जावधी खर्च केले आहेत, ते भरून दिल्याशिवाय आम्ही जाणार नाही. तो ठराव सरकारवर बंधनकारक नव्हता, आणि त्यात ओढून धरायला २००८ सारखी तारीखही नव्हती.

मी आता निवृत्त आहे, पण जुने सहकारी अजून फोन करतात. सप्टेंबर २०२४ मध्ये वॉशिंग्टन आणि बगदाद यांनी संयुक्त निवेदन काढलं: इसिसविरोधी आघाडीची इराकमधली लष्करी मोहीम सप्टेंबर २०२५ अखेर संपेल, आणि सीरियातल्या कामाला इराकमधून आधार देणं सप्टेंबर २०२६ पर्यंत चालेल, पुढे दोन देशांची आपसातली सुरक्षा भागीदारी. 'अमेरिका इराक सोडणार' असा मथळा तयार होता आणि तो मुलगा, आता स्वतःच डेस्कचा प्रमुख, मला विचारत होता की जाऊ द्यावा का. मी म्हटलं, निवेदनात 'सैन्य' हा शब्द 'संपेल'च्या शेजारी कुठे आहे ते दाखव. तो दोन मिनिटं फोनवर नुसता वाचत राहिला. मग म्हणाला, "'मोहीम संपणार' एवढंच देतो. कॉलममध्ये बसतंय."